चौदाव्या दिवसाची मासळी

मासा अख्खा आला. डोक्यासकट, शेपटीसकट, अंगावर तिरक्या चिरा दिलेला, तेलात कडक होऊन एका कुशीवर वळलेला. शेजारी भात, लिंबाच्या फोडी आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. ज्ञानदाला वाटलं होतं, या देशात सगळीकडे मिळतो तसा पांढरा, चौकोनी, काटे काढलेला तुकडा येईल. तो मुकाट्यानं गिळायचा आणि आईला फोन करून सांगायचं, खाल्ला. पण हा मासा होता. त्याचं तोंड उघडं होतं, आणि तळताना कातडं आकसल्यामुळे एका बाजूनं ओढल्यासारखं वाकडं झालं होतं. तिनं फोर्क उचलला होता, तो तसाच हातात राहिला. तोंड जरा वाकडं झालंय, बाकी ठीक आहेत, असं आई वडिलांबद्दल फोनवर म्हणाली होती. जरा. त्या 'जरा' शब्दाभोवती ज्ञानदा गेले तीन आठवडे फिरत होती. जरा म्हणजे किती, कुठल्या बाजूनं, डोळाही ओढला गेलाय का, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि आता कुणी न विचारता क्लार्क स्ट्रीटवरच्या या मेक्सिकन खाणावळीत, प्लास्टिकच्या फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर, ते तिच्यासमोर आणून ठेवलं होतं.

"अगं, खा ना," यतीन म्हणाला. "गरम आहे तोवर."

यतीन तिचा नवरा. नागपूरचा, शाकाहारी घरातला. त्यानं स्वतःसाठी बीन्स आणि भात मागवला होता आणि तो तिच्या प्लेटकडे मुद्दाम बघत नव्हता. आजची ही खटपट त्याचीच. सकाळी आठ वाजता अलिबागहून आईचा फोन आला, तेव्हा तिकडे संध्याकाळ झाली होती. आज चौदावा दिवस, आई म्हणाली. काल तेरावं झालं. आज पुरुषोत्तमकाका सकाळीच बंदरावर जाऊन सुरमई घेऊन आले, दुपारी सगळ्यांनी बसून जेवलो. आपल्याकडे असंच असतं, घरच्या माणसांनी चौदाव्याला मासळी खाल्ली की दुखवटा उतरतो. "तूही आज खा हो. कुठे मिळत असेल तिथे जाऊन खा. तुझं एकटीचं राहायला नको." ज्ञानदा हो म्हणाली. ऑफिसला गेली. यतीननं दुपारी कुणाकुणाला विचारून ही जागा शोधून काढली आणि संध्याकाळी तिला शाम्बर्गहून इतक्या लांब ड्राइव्ह करून घेऊन आला. वाटेत डेव्हन ॲव्हेन्यूवरून, देशी दुकानांच्या रस्त्यावरून, जाताना नेहमीसारखं भाजी घ्यायला थांबूया का, असंही त्यानं विचारलं नाही. दोन आठवडे तो असाच जपून वागत होता, घरात कुणी झोपलेलं असावं तसा.

आत गर्दी होती. भिंतीवर मासेमारीची जाळी, त्यात अडकवलेले प्लास्टिकचे खेकडे, कोपऱ्यात वर टीव्ही. टीव्हीवर नुकत्याच सुरू झालेल्या युद्धाचा दुसरा दिवस चालू होता, काळ्या आकाशात हिरवे ठिपके. कुणीतरी ओरडून काहीतरी म्हणालं आणि मालकानं चॅनल बदलून फुटबॉल लावला. दाराशी पोरंबाळं घेऊन माणसं टेबलाची वाट बघत उभी होती. "यांचा, ख्रिश्चन लोकांचा, उपासाचा महिना चाललाय," यतीन आल्या आल्या म्हणाला होता. "शुक्रवारी मटण-चिकन बंद. मासे चालतात. बघ, उपासाला मासे!" आणि मग आपण हसायला नको होतं असं वाटून त्यानं मेनूकार्डात तोंड घातलं होतं.

ज्ञानदाचे वडील, नाना, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नोकरीला होते, पण त्यांना गावात ओळखत ते मासळीबाजारात. शाळेत असताना रविवारी ते ज्ञानदाला बरोबर न्यायचे. कोळणी त्यांना लांबूनच हाका मारायच्या. ते वाकून माशाचा कल्ला बोटानं उचलायचे आणि तिला म्हणायचे, बघ, आत बघ. ती डोळे मिटून घ्यायची. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणायची, लाल आहे. नाना म्हणायचे, शाबास. त्यांना कळत नसेल का? एकदा त्यांची बहीण, ज्ञानदाची आत्या, सरकारी इस्पितळात शेवटच्या दुखण्यात होती. ज्ञानदा तेव्हा दहावीत होती. आत्यानं तिचं नाव घेतलं म्हणून नाना तिला घेऊन गेले. वॉर्डाच्या दारापर्यंत ती गेली, आतला वास आला आणि पाय तिथेच थांबले. तासभर ती व्हरांड्यात उभी राहून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिली. नाना बाहेर आले, त्यांनी तिच्याकडे बघितलं, म्हणाले, "चल, जाऊया." बस. सायकलवर मागे बसून ती घरापर्यंत रडली, आणि नाना रस्त्यानं भेटणाऱ्यांना नमस्कार करत राहिले, मागे कुणी रडतच नसल्यासारखे. नाना गेल्यापासून ती या आठवणीला धरून होती. त्यांना माहीत होतं आपली पोरगी कशी आहे ते. त्यांनी समजून घेतलं असणार. ही आठवण ती रात्रंदिवस उशाशी घेऊन होती, आणि तिचा आता उपयोग होईनासा झाला होता.

कारण लोकांना सांगितलं होतं ते वेगळंच होतं. लोकांना सांगितलं होतं व्हिसा. आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. पासपोर्टावरचा तिचा शिक्का संपलेला होता, भारतात गेलं की नवा घेतल्याशिवाय परत येता येत नव्हतं, आणि हल्ली चौकशा लांबत होत्या. तिच्याच ऑफिसातला चंद्रशेखर बहिणीच्या लग्नाला गेला तो चार महिने तिकडे अडकला, इकडे त्याची जागा भरली गेली. हे सगळं खरं होतं. पण नानांना झटका आल्याचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, यतीननं तिचं तिकीट काढलं होतं. "जॉब गेला तर गेला यार," तो म्हणाला. "मी आहे ना. तू जा." मंगळवार संध्याकाळचं विमान, गुरुवारी पहाटे मुंबई. बॅग भरून दाराशी ठेवलेली. आणि मंगळवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून ज्ञानदानं एजंटला फोन केला आणि तिकीट कॅन्सल केलं. तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. एजंटनं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, कार्यक्रम बदलला.

तिकिटाच्या आदल्या दिवशी, रविवारी, आईनं रिसीव्हर नानांच्या कानाला लावला होता. ज्ञानदा म्हणाली, "नाना, मी बोलतेय." पलीकडून एक आवाज आला. शब्द नव्हते. ओल्या फडक्यातून येणारा, लांब ओढलेला एक आवाज, आणि शेवटी बहुतेक तिचं नाव. बहुतेक. त्या आवाजाला तोंड आहे, ते तोंड वाकडं आहे, खाटेपाशी बसून ते तोंड पुसावं लागेल, त्याच्याकडे बघून हसावं लागेल, या एवढ्याच गोष्टीला ती घाबरली. व्हिसाला नाही, नोकरीला नाही. यतीनला तिनं सांगितलं, रिस्क नको वाटली. त्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि वाद घातला नाही. उलट त्या रात्री आपण होऊन अलिबागला फोन लावला. ती बेडरूमच्या दारात उभी राहून ऐकत होती. "आई, मीच नको म्हटलं तिला," तो सांगत होता. "व्हिसाचं फार घोळाचं झालंय. तिची इच्छा होती. मीच पाठवलं नाही." ज्ञानदा पुढे झाली नाही. त्यानं फोन ठेवला आणि दोघांनी खिचडी खाल्ली. शुक्रवारी संध्याकाळी, तिकडे शनिवारची पहाट होताना, नाना गेले. दोन तासांत सगळं आटोपतील, आता येऊन काय करणार, आई म्हणाली. तेव्हाही ती हो म्हणाली.

"आवडलं नाही का?" वाढणारी बाई टेबलाशी येऊन थांबली होती. पन्नाशीची, बुटकी, केस घट्ट बांधलेले, छातीवर नावाची पट्टी, इर्मा. तुटक इंग्रजीत ती विचारत होती, पण विचारण्याची रीत आपल्याकडच्या एखाद्या काकूंसारखी होती. पान तसंच राहिलं तर स्वतःचं काहीतरी चुकलं असं वाटणारी. "मिरची जास्त झाली? दुसरा आणू?"

"नाही नाही, चांगला आहे," यतीन घाईनं म्हणाला. आणि मग, कदाचित ती बाई हलेना म्हणून, कदाचित इतके दिवस कुणालाच सांगायला मिळालं नव्हतं म्हणून, तो सांगत गेला. हिचे वडील गेले. इंडियात. दोन आठवडे झाले. आमच्यात, म्हणजे हिच्या घरी, आजच्या दिवशी मासे खायचे असतात.

इर्मानं हातातल्या रिकाम्या प्लेटा शेजारच्या टेबलावर ठेवल्या. एप्रनला हात पुसले. "तुला जाता आलं नाही," ती ज्ञानदाला म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "कागद?"

"हो," यतीन म्हणाला. "कागदांचा प्रॉब्लेम."

"माझी आई," इर्मा म्हणाली. "चार वर्षं झाली. मेक्सिकोत, नायारितला, समुद्राकाठी. मी गेले असते तर परत इकडे मुलांपाशी येता आलं नसतं. माझ्या भावानं फोन तिच्या कानाला लावून ठेवला होता. मी बोलत राहिले. ती गेल्यावरही बोलत होते, भाऊ म्हणाला, बस कर आता." तिनं ज्ञानदाचा हात धरला. फोर्क अजून त्या हातात होता. तिनं फोर्कासकटच हात दाबला. तिचा तळवा ओलसर, गरम होता आणि त्याला लिंबाचा वास येत होता. "देवाला माहीत असतं. आपल्याला जाता येत नव्हतं, हे त्याला माहीत असतं. तू खा. थोडं खा." आणि शेजारच्या टेबलावरून हाक आली तशी ती प्लेटा उचलून गेली.

ज्ञानदानं हात टेबलाखाली घेतला. दोन आठवड्यांत पुष्कळ लोक हळहळले होते. ऑफिसनं कार्ड दिलं होतं, त्यावर अकरा सह्या होत्या. महाराष्ट्र मंडळातल्या काकू येऊन पिठलं-भात ठेवून गेल्या होत्या, म्हणाल्या होत्या, आपलं हे असंच गं बाई, परदेशात राहायची ही शिक्षा. ते सगळं तिनं घेतलं. घेताना काही वाटलं नाही. पण या बाईनं स्वतःची खरी गोष्ट तिच्या हातात ठेवली होती, तुझी-माझी एकच आहे असं समजून. बसस्टॉपवर कुणीतरी चुकून तिला आपलं तान्हं मूल धरायला दिलं असावं, तसं तिला झालं. ते खाली ठेवता येईना, धरवतही नव्हतं.

"मी फोन करून येते," ती उठली.

"आत्ता? खाऊन घे ना आधी. ज्ञानदा, काय झालं?"

"आईला फोन करते. उठली असेल ती."

दोन दारांच्या मधे जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा होती. तिथे फुकट वाटायच्या स्पॅनिश वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता आणि च्युइंगगमचं यंत्र. परदेशी फोन लावायच्या कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर तिनं चुकत चुकत दोनदा दाबला. बाहेरचं दार उघडलं की मार्चचा गार वारा आत यायचा, आतलं उघडलं की तळणाचा वास आणि गाणी.

"हॅलो," आई म्हणाली. मागे काहीतरी घासल्याचा आवाज होता. "अगं, तू? खाल्लंस ना?"

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"काय गं? बरी आहेस ना?"

"यतीननं माझं तिकीट काढलं होतं. त्यानं मला नको म्हटलं नव्हतं. उलट जा म्हणत होता. मीच कॅन्सल केलं. व्हिसाचं काही नव्हतं आई. म्हणजे होतं, पण त्याच्यासाठी नाही. मला भीती वाटली. नानांना तसं बघायची भीती वाटली."

घासण्याचा आवाज थांबला. ज्ञानदानं फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखत होता. एक माणूस दोन मुलांना घेऊन बाहेरून आला, "एक्सक्यूज मी" म्हणाला, ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"यतीननं सांगितलं?"

"तो कशाला सांगेल? सोमवारी तुमच्या रात्री त्याचा फोन आला होता, गुरुवारी पहाटे पोचतेय म्हणून. विमानाचा नंबर दिला, पुरुषोत्तमकाकांना गेटवेपर्यंत घ्यायला पाठवा म्हणाला. किती आनंदात होता. आणि दुसऱ्या दिवशी तोच म्हणतोय, मी नको म्हटलं. मला काय कळत नाही का गं? बिचाऱ्याला खोटं बोलताही येत नाही नीट."

"नानांना?" ज्ञानदानं विचारलं. विचारायचं नव्हतं, विचारून झालं होतं. "नानांना तू सांगितलं होतंस, मी येतेय म्हणून?"

आईनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. कार्डाची मिनिटं चालली होती.

"सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पहिला फोन आला तेव्हाच सांगितलं. मंगळवारीच खुणेनं न्हाव्याला बोलवायला लावलं त्यांनी. दाढी करून घेतली. मी म्हटलं, कशाला त्रास, तर ऐकेनात. तोंड वाकडं म्हणून न्हाव्याला गाल धरून करावी लागली, दोनदा कापलं. नंतर तू येत नाहीस असं यतीन म्हणाला, तर मला ते त्यांना सांगवेना. नाहीच सांगितलं मी."

"मग गुरुवारी?"

"गुरुवारी म्हटलं, विमान लेट आहे. शुक्रवारी म्हटलं, मुंबईत उतरली, येतेय. त्यांना ते खरंच वाटत होतं गं. रात्रीसुद्धा दाराकडे तोंड करूनच निजले होते." आईचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी तुला हे कधी सांगणार नव्हते. आता तू खरं बोललीस म्हणून. पण एक लक्षात ठेव, तू आली नाहीस असं त्यांना कळलंच नाही. त्यांच्या लेखी तू वाटेत होतीस."

मग आईनं विचारलं, तिकडे थंडी आहे का, आणि यतीनला रागावू नकोस म्हणाली. कार्डातल्या बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजानं इंग्रजीत सांगितलं, एक मिनिट उरलं आहे. फोन आपोआप तुटेपर्यंत दोघी तशाच धरून राहिल्या.

ज्ञानदा परत येऊन बसली. यतीननं तिच्या माशावर दुसरी प्लेट पालथी घालून ठेवली होती. त्यानं स्वतःचंही खाल्लं नव्हतं. तिनं झाकण काढलं. आता ते तोंड तिनं नीट बघितलं. कुठून ओढलंय, किती उघडं आहे, आतले बारीक दात. मग फोर्क बाजूला ठेवून हातानं पाठीकडची कड सोडवली, काट्यांची माळ एका बाजूला काढली आणि खायला लागली. मासा गार झाला होता, नदीच्या माशाला असतो तसा मातकट होता. वरचं मीठ-लसूण मात्र चांगलं होतं. ती घास चावत होती, गिळत होती, मध्येच एक बारीक काटा जिभेवर आला तो बोटांनी काढून कडेला ठेवत होती. यतीन बघत होता. चार वर्षांत पहिल्यांदाच तो तिला मासा खाताना तोंड न फिरवता बघत होता.

"काय म्हणाल्या आई?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं सांगितलं. जसं ऐकलं तसं, दाढीपासून शेवटपर्यंत. सांगताना तिचा हात थांबला नाही. यतीनचा चेहरा मात्र बदलत गेला. "म्हणजे मी फ्लाइट सांगायलाच नको होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, त्यांना बरं वाटेल. मला काय माहीत..." तो टेबलावर कोपर टेकून, तोंडावर हात धरून रडायला लागला. इथे, या देशात, नानांसाठी रडणारा तो पहिला माणूस होता. आणि नानांना तो आयुष्यात दोनदाच भेटला होता. ज्ञानदानं तेलकट हात तसाच पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं का, हे तिला कळत नव्हतं.

इर्मा येऊन कागदी रुमालांचा एक जाड गठ्ठा टेबलावर ठेवून गेली. जाता जाता तिनं रिकाम्या काट्यांकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. ज्ञानदाला तिला हाक मारून सांगायचं होतं. बाई, तुझी गोष्ट वेगळी आहे, मला जाता येत होतं. तिनं तोंड उघडलंही. पण इर्मा स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून आत गेली होती, आणि पुन्हा बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दुसऱ्यांची जेवणं होती.

गाडीत बसल्यावर यतीननं किल्ली लावली आणि विचारलं, "घरी?"

"थांब जरा."

त्यानं किल्ली तशीच ठेवली. रस्त्यावर अजून उजेड होता. समोरून माणसं येत होती, आत जात होती. नानांना वेळा टिपून ठेवायची सवय होती. कुणी यायचं असलं की ते घरात बसून त्याचा सगळा प्रवास मोठ्यांदा बोलायचे. आता गेटवेला आला असेल, आता लाँच सुटली, आता मांडव्याला उतरला, आता बस चोंढीला. माणूस खरोखर दारात उभा राहिला की घड्याळ बघून म्हणायचे, सात मिनिटं उशीर. बोलणं गेलं तरी हे त्यांनी मनात केलं असणार. गुरुवारी केलं असणार. त्या दिवशी ती ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खात होती. शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून केलं असणार. शनिवारी पहाटे दाराकडे तोंड करून पडल्या पडल्या त्यांनी तिला मुंबईहून निघालेली पाहिलं असेल, लाँचमध्ये बसलेली पाहिलं असेल. ज्ञानदा डोळे उघडे ठेवून समोरच्या काचेकडे बघत होती आणि तिला फक्त एवढंच हवं होतं, कुणीतरी तिला सांगावं, की शेवटी नानांच्या हिशेबानं ती कुठवर आली होती. मांडव्याला उतरली होती का? चोंढी गेली होती का? बस वळणावर आली होती का?

"ज्ञानदा," यतीन म्हणाला.

ती रडत होती. आवाज न करता नाही. मोठ्यांदा, तोंड उघडून, वाकडं करून, रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशी.